कायद्याची पदवी नसलेले तीन मॅजिस्ट्रेट माझ्या मुलाचा निर्णय न्यायाने करतील का?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा सात वर्षांचा मुलगा यापुढे कोणाकडे राहील आणि दुसऱ्या पालकाला केव्हा भेटेल, हे ठरवणारी सुनावणी तीन मॅजिस्ट्रेटांपुढे लागली आहे. चौकशी केल्यावर त्यांना कळले की या तिघांपैकी एकालाही कायद्याची पदवी असावी लागत नाही आणि त्यांना पगारही मिळत नाही. पतीने वकील दिला आहे, यांना तो परवडत नाही. संसारात बराच छळ सोसल्याचे त्यांनी लिहिले आहे. ‘ही माणसे न्याय करतील का, आणि त्यांच्याऐवजी न्यायाधीश मागता येईल का,’ असे त्या विचारतात.

ताई, इंग्लंड आणि वेल्समधील कौटुंबिक न्यायालयांत सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणून मी वीस वर्षांहून अधिक काळ काम करीत आले आहे, आणि आपल्याला पडलेली शंका मला नवी नाही. ती रास्तही आहे. माझे उत्तर असे की अशा पीठाकडून न्याय मिळू शकतो आणि पुष्कळदा मिळतोही. पण तो त्या तिघांच्या चांगुलपणावर सोडून देण्यासारखा नाही. त्यांनी निकालाबरोबर लेखी कारणे दिलीच पाहिजेत असे बंधन त्यांच्यावर आहे, आणि न्याय झाला की नाही हे त्या कारणांच्या कागदावरून कळते. आपली सारी तयारी त्या कागदाकडे लक्ष ठेवून करावी, असे मला मनापासून वाटते.

आधी नावाचा घोळ दूर करते. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हटले की परीक्षा देऊन नेमलेले, पगारी न्यायदंडाधिकारी डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमधील मॅजिस्ट्रेट हा समाजातून निवडलेला सामान्य नागरिक असतो. ही प्रथा 1361 सालच्या कायद्यापर्यंत मागे जाते. शिक्षक, परिचारिका, निवृत्त अभियंता, दुकानदार असे कोणीही अर्ज करू शकते. वर्षातून किमान 13 दिवस बसावे लागते, खर्च मिळतो, मानधन मिळत नाही, आणि 2022 पासून निवृत्तीचे वय 70 वरून 75 झाले आहे. दाखल्यांवर सही-शिक्का देणारे आपल्याकडचे विशेष कार्यकारी अधिकारीही मानद असतात, पण त्यांच्याशी यांची तुलना करू नये, कारण यांच्या हाती खरा न्यायाधिकार असतो. कौटुंबिक प्रकरणांसाठी त्यांना वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि सुरुवातीला एका अनुभवी सहकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली बसावे लागते. 22 एप्रिल 2014 रोजी इंग्लंड आणि वेल्ससाठी एकच कौटुंबिक न्यायालय अस्तित्वात आले, तेव्हापासून मॅजिस्ट्रेट आणि न्यायाधीश हे एकाच न्यायालयाचे घटक आहेत. त्यामुळे आपले प्रकरण खालच्या दर्जाच्या कोर्टात टाकले गेले, असा समज करून घेऊ नये.

सुनावणीच्या खोलीत तिघे एका रांगेत बसतात, क्वचित दोघे असतात. मधली व्यक्ती अध्यक्ष असते आणि बोलण्याचे काम बहुतेक तीच करते. त्यांच्यापुढे विधी सल्लागार बसतो. तो पात्रताप्राप्त सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर असतो. कायदा काय सांगतो हे तो सांगतो, पण कोणाचे म्हणणे खरे मानायचे हे ठरवण्यात त्याला मत नसते. ही मर्यादा किती गंभीरपणे पाळायची असते, हे 1923 च्या एका खटल्याने कायमचे ठरवून दिले. ससेक्समधील मॅजिस्ट्रेटांपुढे मॅकार्थी नावाच्या इसमावर धोकादायकपणे गाडी चालवल्याचा आरोप होता. सुनावणी संपल्यावर मॅजिस्ट्रेट विचारविनिमयासाठी आतल्या खोलीत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा लिपिक, म्हणजे त्या काळचा विधी सल्लागार, हाही गेला. त्याच अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात या लिपिकाची सॉलिसिटर कचेरी विरुद्ध बाजूचे काम पाहत होती. त्याने आत खटल्याविषयी एक शब्दही उच्चारला नव्हता, तरीही तेव्हाचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी दोषसिद्धी रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला स्पष्टपणे दिसलाही पाहिजे, हे जगभर सांगितले जाणारे तत्त्व या लहानशा वाहन अपघाताच्या प्रकरणातून आले. पक्षपात खरोखर झाला की नाही हे आजही कोणी विचारत नाही. सर्व माहिती असलेल्या समतोल माणसाला पक्षपाताची खरीखुरी शक्यता दिसली असती का, एवढेच पाहिले जाते. म्हणून पीठावरील कोणी आपल्या किंवा पतीच्या ओळखीचे निघाले, तर सुनावणी सुरू होण्यापूर्वीच विधी सल्लागाराला सांगावे. आपला समाज इथे लहान आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात भेटलेली व्यक्ती पीठावर दिसू शकते. हे निकालानंतर सांगितले, तर मनाविरुद्ध लागला म्हणून ओळख आठवली, असे म्हटले जाते.

आता निर्णय कसा बनतो ते सविस्तर सांगते, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे.

1989 च्या चिल्ड्रन ॲक्टच्या पहिल्याच कलमात बालकाचे हित सर्वोच्च मानले आहे, आणि ते कसे पाहायचे याची सात मुद्द्यांची यादी दिली आहे: मुलाची इच्छा आणि भावना, त्याच्या शारीरिक, भावनिक व शैक्षणिक गरजा, परिस्थिती बदलल्याचा परिणाम, वय आणि पार्श्वभूमी, झालेली किंवा होऊ शकणारी हानी, पालकांची कुवत, आणि न्यायालयाला उपलब्ध असलेले पर्याय. तिघा मॅजिस्ट्रेटांनी आपल्या मनातल्या ‘चांगल्या घरा’च्या कल्पनेवरून निर्णय करायचा नसतो. या मुद्द्यांवर साक्षीपुरावा काय सांगतो ते पाहायचे असते. एखादी घटना घडली की नाही यावर वाद असेल, तर अधिक संभाव्य काय, या कसोटीवर तो सोडवायचा असतो. 2008 च्या एका निवाड्यात न्यायमूर्ती लॉर्ड हॉफमन यांनी ही गोष्ट शून्य आणि एक या आकड्यांनी समजावली होती. वादग्रस्त घटना सिद्ध झाली तर ती घडली असेच धरायचे, आणि सिद्ध झाली नाही तर घडली नाही असेच धरायचे. ‘कदाचित घडले असेल’ असा मधला मार्ग न्यायालयाला मोकळा नाही. आपण छळाविषयी जे लिहिले आहे, त्याच्या दृष्टीने हा नियम दुधारी आहे. सांगायचे राहून गेलेले किंवा मोघम सांगितलेले सारे शून्यात जाते.

साक्षी संपल्या की तिघे आत जातात आणि आपण बाहेर बाकावर बसतो. कधी तासभर, कधी चार तास. अशीलाला हा वेळ खायला उठतो, पण माझ्या मते या न्यायपद्धतीचे खरे बळ याच वेळात असते. न्यायाधीशाला स्वतःशीच विचार करायचा असतो. येथे एकाला आपले मत दुसऱ्या दोघांना पटवून द्यावे लागते. ‘मला तो बाप खरा वाटला’ असे एकाने म्हटले की ‘कशावरून’ असे विचारणारे दोघे समोर असतात. मतभेद मिटला नाही तर बहुमताने निर्णय होतो, आणि कोण विरोधात होते हे बाहेर सांगितले जात नाही. मग कारणे लिहिली जातात. ती नीट मांडण्यास विधी सल्लागार मदत करतो, पण कारणे त्या तिघांचीच असावी लागतात. आत एखादा नवा कायदेशीर मुद्दा निघाला, तर तो बाहेर येऊन दोन्ही बाजूंना सांगितला पाहिजे आणि त्यावर बोलू दिले पाहिजे.

मी असे शेकडो कागद वाचले असतील. त्यांतील दोन सांगते. ओळख पटेल असे तपशील वगळते आहे. एकात लिहिले होते की आईची साक्ष आम्हाला अधिक विश्वासार्ह वाटली, कारण भेटीनंतरच्या सोमवारी मुलगा शाळेत उशिरा येतो हे शाळेच्या हजेरीपटावरून दिसते, वडिलांनी रात्री पावणेबाराला पाठवलेला संदेश त्यांनी स्वतः मान्य केला आहे, आणि कॅफकॅसच्या अधिकाऱ्यापाशी मुलाने वापरलेले शब्द या दोन्ही गोष्टींशी जुळतात. कॅफकॅस ही न्यायालयाला बालकाविषयी अहवाल देणारी स्वतंत्र संस्था आहे. ज्यांच्याविरुद्ध निकाल गेला होता ते वडील माझेच अशील होते. कागद वाचून ते बराच वेळ गप्प बसले, आणि अपील करायचे नाही असे त्यांनी स्वतःहून सांगितले. दुसऱ्या कागदात माझ्या अशील बाईंविषयी एवढेच होते की त्या गंभीर प्रसंग सांगताना हसत होत्या, म्हणून त्यांच्या सांगण्यात तथ्य वाटले नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका लाजेने आणि भीतीने कसनुसे हसतात, हे त्या तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते. अपिलात तो निर्णय टिकला नाही आणि फेरसुनावणी झाली. पण त्या सहा महिन्यांत एक मूल आईपासून दूर राहिले, याचे दुःख मला आजही आहे.

चूक होण्याची जागा बहुधा हीच असते. मॅजिस्ट्रेटांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुसंख्य मॅजिस्ट्रेट पन्नाशी ओलांडलेले असतात, आणि तिघेही एकाच प्रकारच्या घरातून आलेले असले तर ‘कशावरून’ विचारणारा कोणी उरत नाही. आजीने नातवाला झोपवणे म्हणजे आईची बेपर्वाई नव्हे, पगार सासऱ्यांच्या खात्यात जमा होणे ही नेहमीच स्वखुशीची व्यवस्था नसते, नणंदेकडे पासपोर्ट ठेवायला दिला म्हणजे विश्वास होता असे नव्हे, हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण त्यांना सांगावे लागते. त्यांना आपली रीत माहीत असेल असे गृहीत धरू नका. आपल्या निवेदनात ते दोन वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता, लिहा.

छळाच्या बाबतीत ही न्यायालये कमी पडतात, हे केवळ माझे मत नाही. न्याय मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या पथकाने जून 2020 मध्ये दिलेल्या अहवालात हे स्पष्ट शब्दांत मांडले. काहीही झाले तरी दोन्ही पालकांशी भेटी चालू राहिल्या पाहिजेत, या वृत्तीमुळे छळाच्या तक्रारी बाजूला पडतात, आणि साधनसामग्रीचा तुटवडा व वादी-प्रतिवादी पद्धत यांमुळे त्यात भर पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो मॅजिस्ट्रेट आणि न्यायाधीश या दोघांनाही लागू होता. त्यानंतर 2021 मध्ये कोर्ट ऑफ अपील या वरिष्ठ न्यायालयाने चार प्रकरणांचा एकत्र निवाडा करताना सांगितले की सुट्या घटना मोजण्यापेक्षा वागणुकीचा एकूण नमुना पाहिला पाहिजे, आणि धाक व नियंत्रण हाही छळच आहे. त्याच वर्षीच्या कायद्याने असा छळ पाहणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या मुलालाही पीडित मानले. छळाचा आरोप झाला की तो मुलाच्या व्यवस्थेशी संबंधित आहे का आणि त्यासाठी घटनांची वेगळी सुनावणी हवी का, हे पीठाला ठरवावेच लागते. ‘झाले गेले विसरून पुढे पाहा’ असे म्हणून त्यांना पुढे जाता येत नाही. आपल्या प्रकरणात हा प्रश्न विचारला गेला आहे का, ते आधीच्या तारखेच्या आदेशात पाहा. विचारला गेला नसेल, तर आजच न्यायालयाला लेखी कळवा.

न्यायाधीश मागता येतो का? मागता येतो, पण ‘मॅजिस्ट्रेटांवर माझा विश्वास नाही’ हे कारण चालणार नाही. अर्ज दाखल होतो तेव्हा डिस्ट्रिक्ट जज, म्हणजे येथील पगारी, विधिज्ञ न्यायाधीश, आणि विधी सल्लागार मिळून प्रकरण कोणापुढे जाईल हे ठरवतात. त्यात गुंतागुंत किती आहे, हे पाहिले जाते. गंभीर आणि वादग्रस्त आरोप, तज्ज्ञांची परस्परविरोधी मते, तीन दिवसांपेक्षा लांबणारी सुनावणी, यांपैकी काही असेल तर ते नेमकेपणाने लिहून फेरवाटपाची विनंती करा. ती कोणत्याही टप्प्यावर करता येते. आपल्या लोकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मुलांच्या अपहरणासंबंधीच्या, म्हणजे परदेशी नेलेली मुले परत करण्याबाबतच्या, 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे मुलाला भारतात नेण्यावरून वाद असेल, मग ते दिवाळीच्या सुट्टीपुरते असो की कायमचे, तर असे प्रकरण साधारणपणे मॅजिस्ट्रेटांकडे न ठेवता न्यायाधीशाकडे दिले जाते. तसा वाद नसेल आणि प्रश्न मुख्यतः कोणते दिवस कोणाकडे एवढाच असेल, तर तिघांपुढेच राहावे असा माझा सल्ला आहे. घाईत असलेल्या एका डिस्ट्रिक्ट जजपेक्षा तीन माणसे अशा प्रश्नाला अधिक वेळ देतात, असा माझा अनुभव आहे. सामान्य माणसाने न्यायासनावर बसणे आपल्याही कायद्याला परके नाही. भारतातील बाल न्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतील एक तरी स्त्री असावी लागते. फरक असा की तेथे पीठावर एक विधिज्ञ असतोच, आणि येथे तो पीठासमोर बसलेला असतो.

वकिलाच्या बाबतीत मात्र मी आपल्याला थांबवते. एप्रिल 2013 पासून बहुतेक कौटुंबिक वादांतील सरकारी विधी साहाय्य बंद झाले हे खरे आहे, पण छळ सोसलेल्या व्यक्तीसाठी ते अजून उपलब्ध आहे. त्यासाठी ठरावीक प्रकारचा पुरावा लागतो. आपल्या जीपीचे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांचे, पत्र, पोलिसांतील नोंद किंवा निवारा केंद्राचे पत्र चालू शकते. शिवाय उत्पन्नाची अट असते. परवडत नाही म्हणून वकिलाकडे न गेलेल्या आणि प्रत्यक्षात पात्र असलेल्या कितीतरी भगिनी मला उशिरा भेटल्या. साहाय्य मिळाले नाही तरी काही हक्क आपल्याकडे राहतात. छळाचा पुरावा असेल तर पतीला आपली उलटतपासणी स्वतः घेता येत नाही. येथे त्यांनी वकील दिला असल्याने तो प्रश्न कमी येईल. पण बंदी दोन्ही बाजूंनी लागू होते, आणि आपणही त्यांना स्वतः प्रश्न विचारू शकणार नाही. अशा वेळी केवळ ते प्रश्न विचारण्यासाठी न्यायालय एक वकील नेमू शकते. ही सोय जुलै 2022 पासून सुरू झालेल्या प्रकरणांसाठी आहे. पडदा, वेगळे प्रवेशद्वार आणि वेगळी बसण्याची खोली आधी कळवून मागून घ्या. जवळ बसून टिपणे घेणारी एक व्यक्ती बरोबर आणण्याची परवानगीही मागता येते. तिला मॅकेंझी फ्रेंड म्हणतात. ती आपल्या वतीने बोलत नाही, पण हात थरथरत असताना योग्य कागद पुढे करते, आणि तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

दुभाषाविषयी थोडे अधिक लिहिते. इंग्रजी रोजच्या कामापुरते येत असले, तरी दुभाषा मागा, आणि मराठीचाच मागा. मी एकदा हिंदीचा दुभाषा आलेला पाहिला. अशील बाई म्हणाल्या, ‘ते मला रोज त्रास द्यायचे.’ इंग्रजीत शब्द आला ‘ट्रबल’. मॅजिस्ट्रेटांनी लिहून घेतले की पती कधीकधी कटकट करीत असे. त्रास या एका शब्दात आपण टोमण्यांपासून मारहाणीपर्यंत सारे घालतो, आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते. मी उठून हरकत घेतली. अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवले आणि त्रास म्हणजे नेमके काय होत असे, ते क्रमाने सांगायला सांगितले. त्या पंधरा मिनिटांत प्रकरण बदलले. म्हणून निवेदन लिहिताना ‘त्रास’ हा शब्द खोडा आणि त्या जागी काय झाले, केव्हा झाले, मूल तेव्हा घरात कुठे होते, हे लिहा.

निकाल लागल्यावर, तो बाजूने असो वा विरुद्ध, कारणांची लेखी प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. सातही मुद्द्यांपैकी आपल्या प्रकरणाला लागू असलेल्यांवर पीठाने काय म्हटले आहे ते पाहा. कॅफकॅसच्या शिफारशीपेक्षा वेगळा निर्णय दिला असेल, तर का दिला हे लिहिलेले असलेच पाहिजे. अपील वरच्या दर्जाच्या न्यायाधीशापुढे त्याच कौटुंबिक न्यायालयात जाते आणि मॅजिस्ट्रेटांच्या निर्णयाविरुद्ध त्यासाठी आधी परवानगी काढावी लागत नाही. पण तेथे साक्षी पुन्हा होत नाहीत. निर्णय चुकीचा होता किंवा कार्यवाहीत गंभीर दोष होता, हे त्या कागदावरूनच दाखवावे लागते. मुदत सर्वसाधारणपणे निर्णयाच्या तारखेपासून 21 दिवसांची असते. ती निर्णयाच्या दिवसापासूनच मोजली जाते, कागद पोस्टाने येण्याची ती वाट पाहत नाही. त्यामुळे निकाल वाचून दाखवला जाईल त्याच दिवशी, न्यायालयातून बाहेर पडण्यापूर्वी, विधी सल्लागाराकडे प्रत मागा.